एकाआड एक

कॉलेज रोडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी
मशीन बसवून झाल्यावर
बाबांना नाही, आम्हाला घेतलं समोर.
म्हणाल्या, यंत्र अर्धंच काम करतं,
उरलेलं तुमच्या तोंडांनी करायचं.
एका वेळी एकानं. समोर येऊन.
ओरडायचं नाही, शब्द गिळायचे नाहीत.

आम्ही सगळे एकदम "हो" म्हणालो.

तांबट आळीत चाळीस वर्षं
बाबांनी हंडे ठोकले, घंगाळी ठोकली.
डावा कान तिथंच राहिला,
भट्टीच्या राखेत वगैरे, कुठंतरी.
उजवा घेऊन ते जेवायला बसतात
तर आम्ही हे असे:
उन्मेषदादाचं वाक्य संपायच्या आत
हेमूताई त्याला शेपूट लावणार,
त्या शेपटावर मी पाय देणार,
वर कुकरची शिट्टी,
आणि बाबा तिघांची तोंडं बघत बघत
उशिरा, भलत्याच जागी हसणार.

रविवारी विषय निघाला गाळ्याचा.
विकायचा, की भाड्यानं द्यायचा.
डॉक्टरीणबाईंचा नियम
आमटी वाढेपर्यंत टिकला.
मग दादा आकडे सांगायला लागला,
ताई त्याच्या आकड्यांत तिचे आकडे मिसळायला लागली,
मी नुसतीच "अरे पण, अरे पण".

बाबांनी मशीन काढलं,
चिंचोक्यासारखं ताटाशेजारी ठेवलं,
आणि मुठीनं टेबलावर ठोकलं.
ठक्.
थांबले.
मग डाव्या मुठीनं, जरा हलकं.
ठक्.

"हा मी. हा निवृत्ती."

निवृत्तीकाका म्हणजे त्यांचा जोडीदार.
पैशांवरून अकरा महिने
दोघं एकमेकांशी बोलत नव्हते
आणि त्या अकरा महिन्यांत
एकाच हंड्यावर समोरासमोर बसून
हातोड्यावर हातोडा एकदाही आला नाही.

"दोघांचे एकदम पडले, की पोचा.
मग बसा दिवसभर पोचा काढत."

कुणी काही बोललं नाही.
खालून रविवार कारंज्याकडे जाणाऱ्या रिक्षांचा
आवाज तेवढा वर येत होता.

वृंदावहिनीनं पळी पातेल्यात ठेवली.
नऊ वर्षांत या टेबलावर तिची वाक्यं
"अजून भात?" यापुढे गेली नव्हती;
गेली असतील तर आम्हाला ऐकू आली नव्हती.
तिनं ते मशीन उचललं,
ओढणीला पुसलं,
बाबांच्या कानात नीट बसवलं
आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"मला गाळ्यात
पिको-फॉलचं दुकान टाकायचंय."

"काय?" बाबा म्हणाले.

ती तेच म्हणाली. तितक्याच आवाजात.
एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

दादाचं तोंड उघडलं, मिटलं.
बाबांनी घास संपवला.
"भाडं किती देशील?"

ती बोटांवर काहीतरी मोजत होती.
हेमूताईनं हात वर केला,
शाळेत करतात तसा.

"थांब," बाबा म्हणाले.
"तिचं अजून झालं नाहीये."