चौतीस मिलिलिटर

जेवणाच्या टेबलावर बाबांनी
इंजिनाचं डोकं उलटं ठेवलंय,
चिरायला घेतलेल्या कोबीसारखं.
इंजिन अजून नाहीच. आहे ती वही,
साखर कारखान्याच्या बॉयलर-नोंदींतून उरलेली,
आणि तिच्यात माझं अक्षर.

एका सिलिंडरचे चारशे पंचेचाळीस.
दाबाचं प्रमाण हवंय चौदास एक.
"मग भाग चौदाने."
चौदाने नाही बाबा, तेराने.
पिस्टन वर टेकला तरी जी पोकळी उरते
ती खाली असतानाही मोजायची, वर असतानाही.
एक वाटा आधीच तिच्या नावावर.
ते पेन्सिल कानामागे खोचतात.
म्हणजे पटलंय, पण तसं म्हणणार नाहीत.

चौतीस मिलिलिटर.
खोकल्याच्या औषधाचे दोन-तीन घोट,
तेवढ्या जागेत सगळं पेटायचं.

दिर्सेउ फार्मसीतून ब्युरेट घेऊन आलाय.
काचेच्या कडेला व्हॅसलीन, मधल्या भोकातून
लाल रंगवलेलं अल्कोहोल, थेंब थेंब.
एकेचाळीस.
सात जास्त. तासावं लागणार.

इतक्या दाबाखाली पेट्रोल
भिंतीत खिळा ठोकावा तसं ठोकत बसलं असतं.
हे थंड डोक्याचं. आत शिरताना
धातूची धग पिऊन घेतं, मग वाफ होतं.
पण खादाड. जेट तिसऱ्या हिश्शाने मोठे हवेत,
आणि त्यात मुरलेलं पाणी
जुन्या टाकीला आतून खातं.
खिडकीबाहेर सेर्ताओझिन्योचा ऊस,
तोडणी यंत्राचे दिवे, शेतात सोडलेल्या मळीचा उग्र दर्प.
इंधन आमच्याच अंगणापर्यंत वाढत आलेलं.

मी लिहिते: तापणारे इंजेक्टर, थंडीत चालू होण्यासाठी.
"छोटी टाकी लिही. पेट्रोलची."
ती आता कोणी बसवत नाही.
"लिही, जुसेलिया."

त्र्याऐंशीच्या जुलैतली पहाट
इव्हानिल्दे आत्याने मला सांगितली, बाबांनी कधीच नाही.
छोटी टाकी कोरडी. त्यातलं पेट्रोल रविवारी
मेव्हण्याच्या मोपेडमध्ये गेलेलं.
आई मागच्या सीटवर.
शेजारच्या दोन पोरांनी बेकरीपर्यंत गाडी ढकलली,
पाववाला पिठाच्या हातांनी मदतीला आला,
आणि उतारावर एकदाचं इंजिन
खोकत खोकत चालू झालं.
माझा आवाज त्याच्या आधी फुटला होता.
मागच्या काचेवर पांढरे पंजे
कितीतरी दिवस कोणी पुसले नाहीत म्हणे.

किती लिटरची लिहू?
"एक," बाबा म्हणतात. पिस्टनवर ते
नातवाचा हिरवा चिकणगोळा थापताहेत,
झडपेचा ठसा बघायला.
मग वर न बघता, "दोन लिही."

मी दोन लिहिते, रेघ मारते.
तेवढ्यात दिर्सेउ म्हणतो, गॅस्केटची जाडी?
तिचीही पोकळी धरायची राहिली.
खोडरबर कुठंय?
तेराचा भागाकार तोच,
बाकी सगळं पुन्हा.