थ्रो कोणाचा

एकेचाळीस वर्षं झाली,
यंग बिनाकीले हरताना पाहून राहिलो.
वीज मंडळाची नोकरी सुटली, सिगरेट सुटली,
डाव्या गुडघ्याची वाटी झिजून गेली,
हे मात्र काही सुटलं नाई.

एक वही आहे माह्याजवळ.
तारीख, स्कोर, शेरा.
शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक एकच शब्द :
पुन्हा.

सत्त्याऐंशीची फायनल, मोतीबागचं मैदान,
शेवटच्या मिनिटाले पेनल्टी भेटली आपल्याले.
पास्कलनं बॉल ठेवला. उचलला. पुसला. पुन्हा ठेवला.
अन् असा हाणला राजेहो,
का भिंतीपलीकडून संत्र्याचा ट्रक चालला होता
त्याच्यात जाऊन पडला.
ट्रक थांबला नाई.
तो बॉल, माह्या हिशोबानं, सकाळपर्यंत
जबलपूरले लागला असन.

पास्कल आता जरीपटक्यात एका छतावर
जाळीच्या पिंजऱ्यात कोचिंग करते.
तासाचे बाराशे, प्लास्टिकचं गवत,
पोट्टे बॉलपेक्षा आपल्या बुटाकडेच जास्त पाहतात.
मी इचारलं, पेनल्टी शिकवतं का बे?
तो म्हणला, थे शिकवाले मले कोण ठेवन?
दोघंही हासलो.
मग बराच वेळ कोणी काही बोललं नाई.

रात्री दीड वाजता नातू उठवते.
त्याची टीम सातासमुद्रापलीकडची,
मालक तिसऱ्याच देशातला,
अन् छातीवर जाहिरात चौथ्या देशातल्या जुगाराची.
मी म्हणतो, यात गाव कोणतं?
तो म्हणते, आबा, चूप बसून पाहा.
पाहतो.
आडवा पास, मागे पास, आडवा, पुन्हा मागे.
अठ्ठावीस पास झाले
अन् बॉल आपल्याच गोलकीपरच्या पायात.
याले म्हणे पझेशन म्हणतात.
आमच्या बिनाकीत याले भेव म्हणत.

मग कसातरी, चुकून, गोल होते!
मी खाटेवरून उडतो,
वत्सला आतून ओरडते, हार्ट बंद पडन तुमचं,
अन् नातू हात धरते : थांबा आबा,
तपासून राहिले अजून.
मी थांबतो.
चार मिनिटं तो आनंद तसाच हातात,
गरम गंज चिमट्यानं धरल्यावानी,
खाली ठेवाले जागा नाई.
ते स्क्रीनवर रेघा ओढतात, एक लाल, एक निळी,
अन् सांगतात, काख पुढे होती.
काख!
काखेत कळसा अन् गावाले वळसा ऐकलं होतं,
काखेत ऑफसाइड जिंदगीत पहिल्यांदा.

इश्तियाक होता तोवर शिव्या तरी वाटून घ्यायचो.
तो पक्का कामठीवाला, आपला जानी दुश्मन,
भुईमुगाच्या शेंगा मात्र एकाच पुडीतून.
आता पुडी पुरते,
शिव्या उरतात.

मागच्या रविवारी ऊन बेचाळीस.
पाहणारे आम्ही नऊ जण अन् सावलीत दोन बकऱ्या.
आपल्या पोट्ट्याईची जर्सी नवी,
पाठीवर एका ट्युशन क्लासचं नाव.
हाफटाइमले शून्य-दोन. मग शून्य-तीन.
चौथा तर आपल्याच स्टॉपरनं मारला,
गोल तसा चांगला होता, खोटं काऊन बोलू.

तीन मिनिटं राहिली होती
अन् बॉल भिंत ओलांडून नाल्यात.
बॉलबॉय कायचा, अन् कोणाचा!
मीच उठलो. गुडघा कटकन बोलला.
बेशरमाच्या काडीनं ओढला बॉल,
चप्पल एक तिथंच फसली, राहू दिली,
शर्टानं पुसला, दोनदा,
अन् एका पायावर पळत येऊन ओरडलो :
घे बे लवकर, टाइम आहे अजून!

आपल्या आठ नंबरच्या पोट्ट्यानं झेलला.
माह्याकडे पाहिलं. माह्या पायाकडे पाहिलं.
अन् बॉल समोरच्या टीमच्या हातात देऊन
हळूच म्हणला,
आबा, थ्रो त्याईचा आहे.