पाच जणी, सहा पौंड

डिसेंबरातला तिसरा गुरुवार. ग्रिम्सबीत
चारलाच दिवे लागलेले,
गोदीवरून आलेला वारा वळणावर उभा राहून
ज्याची त्याची झडती घेतोय.
माझ्या पर्समध्ये सहा पौंड,
आणि टिलीच्या पाळणाघरात पाच जणी.

मी मोजल्या होत्या चारच.
कर्स्टी, ओले मोजे रेडिएटरवर वाळवणारी.
लोर्ना, जिच्या मांडीसाठी रांग लागते.
शेवॉन, एकोणीस वर्षांची, ऑक्टोबरपासून सर्दी.
स्वयंपाकघरातली रसा, लिथुआनियाची,
कुस्करलेल्या बटाट्याला वाटाण्याचे डोळे लावते.
"आणि मिसेस ऑड," टिली म्हणाली.
कोण गं ती?
"फरशी पुसते. माशाला गुड नाइट म्हणते.
तुला उशीर होतो ना, तेव्हा येते."

मग पाच.

मग नको नको म्हणता म्हणता यादी आखडत गेली.
मग नको: लोर्नाकडे अकरा आहेत,
अकराही सांगतात की तीच जगातली सर्वोत्तम,
आणि चहा पिणारं माणूस घरात एक.
मेणबत्ती नको, शेवॉनला शिंका येतात.
घरी बिस्किटं भाजावीत तर
ओव्हनचं दार मी सुतळीनं बांधलंय
आणि विजेचं मीटर माझ्याकडेच बघत असतं.
ह्यूगोच्या आईनं वर्गणी काढली, डोई दहा पौंड.
मी निरोप वाचला. फोन पालथा ठेवला.

एक पौंडाच्या दुकानात, कापसाच्या मांडणीपाशी,
समोर कर्स्टी.
तिच्या टोपलीत गोंद, कापूस, पुठ्ठ्याचे डोळे:
उद्याच्या बर्फमाणसांसाठी.
"हे नर्सरी देत नाही?" मी विचारलं.
ती हसली, जसं भाडं थकलेलं माणूस हसतं,
आणि नाणी मोजू लागली. तळहातावर, बोटानं ढकलत.
मी तिचे हात पाहिले.
पेरांवर लाल भेगा, अंगठ्याशी चिकटपट्टी.
दिवसाला चाळीस वेळा धुतलेले हात:
नाक पुसलं, धुवा. लंगोट बदलला, धुवा.
सफरचंद कापलं, धुवा.

हे हात मला ठाऊक होते.
बर्फात हॅडॉकचे काटे काढता काढता
आमच्या लाइनवरच्या प्रत्येकीचे असेच होतात,
आणि महागडी गुलाबी क्रीम तिथं
दुपारच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाहीत.
टिकते ती एकच. औषधाच्या दुकानात, सगळ्यात खालच्या फळीवर,
पांढरी ट्यूब, धड नाव नाही, वास मेंढीच्या लोकरीचा.
नव्याण्णव पेन्स.
सोळा वर्षं काटे काढून कमावलेलं
माझं हे एवढंच ज्ञान.

पाच ट्यूबा: चार पौंड पंच्याण्णव.
उरलेल्यात लाल दोरा.
चिठ्ठ्या टिलीनं रंगवल्या, एकीवर मासा.
मी मागे लिहिलं: रात्री लावा, वर जुने सुती मोजे घाला,
सकाळी भेगा मिटायला लागतात. शपथेवर सांगते.
शपथेवर लिहिल्यावर हसू आलं. तसंच राहू दिलं.

चोवीस तारखेला ह्यूगोच्या आईची टोपली
टेबलभर पसरली होती, सेलोफेन कडकड वाजत होतं.
आमची कागदी पिशवी मी खुंटीखाली ठेवली
आणि बस गाठायचं निमित्त केलं.

जानेवारी. पुन्हा उशीर. धावत पोचले.
माशाच्या भांड्यापाशी मिसेस ऑड, हातात पोछा,
माझ्याकडे बघून नुसती बोटं हलवली तिनं,
जणू नवे हातमोजे दाखवत होती.
आणि कर्स्टी म्हणाली, दुपारी टिली झोपेना,
रडून रडून लाल झाली होती.
"मी गालावर हात ठेवला. तिनं हुंगला.
म्हणाली, आई. आणि झोपली."

मग म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ."

मी टिलीच्या कोटाची बटणं लावत होते.
एक चुकीच्या काजात गेलं, ते काढलं,
पुन्हा लावलं.