नव्याचे नऊ

हे ओरिजिनल. अडतीस रियाल.
खोका उघडला की आधी तेलाचा वास,
मग कागद, कागदाखाली आणखी एक कागद.
आणि हे नऊ रियालचं, रुवीच्या बोळातून आलेलं,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला स्टेपलरची पिन.

लांबून जुळी दिसतात.
बोट आत घाला मात्र.
चौदा वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग घासलीत मी,
या बोटाला थाप मारता येत नाही.
ओरिजिनलच्या पोर्टची कड
तान्ह्याचं नख कापून फुंकर घालावी तशी.
दुसऱ्याची, सुरीनं उघडलेल्या डब्याची.
इथे रिंग अडकणार.
आज नाही.

कंप्रेशन लावलं.
ओरिजिनल एकशे पन्नास, दुसरं एकशे बासष्ट.
अबूबकरनं टाळी दिली, तुझं सोनं हरलं म्हणाला.
म्हटलं, नव्याचे नऊ दिवस असतात,
नऊ रियालचे किती ते भिंत सांगेल.

भिंतीवर खडूच्या दोन रांगा.
बरक्याचा जुलै, समुद्र असूनही वारा नाही.
सोंडी भुंग्यानं पोखरलेली खजुरं, एका बागेत एकतीस.
खजुराचं खोड हे लाकूड नव्हेच,
भिजलेल्या काथ्याचा गठ्ठा तो,
आणि धाग्याधाग्यात साठ वर्षांची वाळू.
फिल्टर दिवसातून तीनदा झटकायचा,
तरी संध्याकाळी दात करकरतात. माझे, आणि यंत्राचेही.

चाळीस तास: एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एक्कावन्न.
नव्वद तास: एकशे सेहेचाळीस.
आणि एकशे अठरा.
उघडून पाहिलं तर एक्झॉस्टच्या तोंडाशी
मुलामा सुटलेला,
करपलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा.

तसलंच दुसरं मागवलं.
या वेळी बसवण्याआधी दोन तास मांडीवर घेतलं,
बारीक कानस, चारशे नंबरचा कागद,
सगळ्या कडा मोडल्या, साच्याची राहिलेली पात खरवडली,
शिशाची तार दाबून वरची फट मोजली.
ते एकशे साठ तास चाललं.
यातले किती तास त्याचे आणि किती माझे?
हिशेबनीस वर्गीसला विचारलं.
तुझे दोन तास? ते पगारात आले, म्हणाला,
आणि नऊचा आकडा लिहून
खाली दोन रेघा ओढल्या.

एकशे साठाव्या तासाला मोफज्जल वर होता.
पट्ट्यावर लटकलेला, पंचवीस फूट,
शेंड्याखालचं खोड अर्धं कापलेलं.
चेनसॉ किंचाळला, आणि थांबला.
दोरी ओढली. परत ओढली. दोरी हलेना.
खोड बारीक कुरकुरत होतं,
तेवढा एकच आवाज साऱ्या बागेत.
खाली आम्ही सहा जण,
सहाही तोंडं उघडी,
आणि सलीम बिन खलफान
हातातली माळ मोजायची विसरलेला.

काही झालं नाही.
हातकरवत दोरानं वर पाठवली, तासाभरानं शेंडा पडला,
तो उतरला, पाणी मागितलं,
अर्धं प्यायला, अर्धं डोक्यावर ओतलं.
भिंतीवर हे कुठल्या रांगेत लिहायचं
मला कळेना. लिहिलं नाही.

वर्गीसशी भांडलो नाही.
जमिनीवरच्या यंत्रांना नऊ रियालवालंच चालेल,
कडा मी मोडून देईन.
खाली बंद पडलं तर माणूस शिवी देतो, विडी ओढतो,
चालत माझ्याकडे येतो.
अडतीसचं एकच बसवलं,
आणि त्या चेनसॉवर लाल रंगानं
दोन अक्षरं काढली: वर.

मोफज्जलनं विचारलं, काय लिहिलंस?
म्हटलं, वर. झाडावर चढणारा हाच, दुसरा नाही.
तो हसायला लागला,
आमच्यात बर म्हणजे नवरदेव.
आमच्यातही, म्हटलं.
मग गमछ्यानं त्यानं टाकी पुसली,
चेनसॉ खांद्यावर घेतला,
आणि बत्तिसाव्या झाडाकडे निघाला,
भिंतीवर जे मोजलेलंच नव्हतं.