साक्षीदाराचा रकाना

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये
हजेरीला फोरमन त्याला उभं करायचा.
"बोल, शिफ्ट."
"सिफ्ट."
"आता शेंगदाणा म्हण."
तो म्हणायचा.
मागं भट्टी, पुढं आम्ही,
आणि आम्ही खिदळायचो.
मीसुद्धा.

चाकणला होतो तेव्हा
"जेवू लालाव" म्हणलं की
अख्खं कँटीन ताटं वाजवायचं.
दोन वर्षं मी मुक्यानं डबा खाल्ला.
आईचा फोन आला की
जिन्याखाली जाऊन बोलायचो, हळू.
हे जालन्यात कुणाला माहीत नाही.

मंगळवारी त्यानं अर्ज दिला.
मजकूर हिंदीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेला.
सही त्याची.
शुक्रबहादुर घर्ती.
बाराखडी आपलीच,
आणि श असा वळणदार,
की माझ्या वहीत कधी उमटला नसेल.

मॅनेजर म्हणाले, साक्षीदार कोण?
कागद हातोहात सरकत राहिला,
कुणी चष्मा विसरलेलं,
कुणाला एकाएकी तहान.
माझ्यापाशी येऊन थांबला.
फोरमन नखं बघत होता.

"काय रे, झोपलास का?"

पेनाचं टोपण उघडेना,
दातानं ओढलं.
"थांबा की सायेब," म्हणलं,
"लिहू लालाव."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.