थंड मशीन

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या खोलीत
मुश्ताकनं भंगारातल्या ॲल्युमिनियमला
अकरा भोकं पाडून दिली.
एक तिरकं पडलं. तिथं आउटपुट बसवला.

एका व्होल्टला एक सप्तक,
एवढाच करार.

स्क्रूड्रायव्हर दातात, मल्टिमीटर मांडीवर.
ट्रिमर पाव फेरा फिरवला की खालचा सा जुळतो,
वरचा उतरतो.
वरचा ओढून आणावा
तर खालचा शटर पाडून निघून गेलेला.
ट्रान्झिस्टरला माझा श्वास लागला
तरी स्वर हलतो.
शेजारची भट्टी सुरू झाली की
सगळ्याखालून पन्नास हर्ट्झची गुणगुण.

साडेतीनला हिंदुराव मिस्त्री आले,
हातात चहाचे दोन ग्लास.
चाळीस वर्षं लेथवर.
नुसत्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगतात.
कान दिला. म्हणाले,
"कवा चालू केलंस?"
"आत्ताच. पाचेक मिनिटं."
"मग? थंड मशीनवर माप घेतंय व्हय कोण?
तापू दे की वाईच."

बसलो.
बाहेर कुणीतरी वाळूचे साचे फोडत होतं.
चहा संपला, तळाशी साखर राहिली,
आणि सरकत सरकत स्वर एका जागी आला,
रंकाळ्याच्या पाण्यात म्हैस बसावी
तसा बसला.

मग पाव फेरा. मग केसाएवढा.
पाचवं सप्तक अजून जरा उतरलेलंच.

"ह्याच्यातनं तयार काय हुतंय?" मिस्त्रींनी विचारलं.
ट्रिमर हलू नये म्हणून
शकूच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका
मी त्याच्यावर सोडला.
तो वाळेपर्यंत
उत्तर सुचलं नाही.