झडती

सकाळी गॅसवर दूध ठेवून मी खिडकीशी उभी राहते.
जेल रोडवर रिक्षा, शाळेच्या व्हॅन,
कोपऱ्यावरचा जितू मेथीच्या जुड्यांवर पाणी मारतोय.
मग प्रेसचा भोंगा होतो
आणि माझा हात अजूनही
डब्याच्या झाकणाकडे जातो.

दादा प्रेसमध्ये होते.
नाशिकरोडला एवढं सांगितलं की पुरतं,
कुठली प्रेस, काय छापतात, कुणी विचारत नाही.
दिवसभर पैसा डोळ्यांसमोरून जायचा,
ओल्या शाईचा, न कापलेला,
एकेका कागदात कितीतरी पगार.
आणि सुटताना फाटकाशी रांग :
हात वर, खिसे उलटे,
डबा उघडा, चपला झटका.
शेजारचे गायधनी काका म्हणायचे,
"आपण बाबा रोज धुतल्या तांदळासारखे बाहेर पडतो,
तेही शिक्क्यानिशी."

घरी दुसरी झडती असायची.
उंबऱ्यात मन्या उभा, हातात लाटणं,
डोक्यावर दादांचीच जुनी टोपी, कानांपर्यंत उतरलेली.
"हात वर!"
दादा सायकल भिंतीला टेकवून
खरंच हात वर करायचे,
काखेत घामाचे पांढरे नकाशे.
मी खिसे तपासायची :
रुमाल, सायकलची किल्ली,
तंबाखूची डबी (ती आईकडे जमा),
आणि डब्यात, तळाच्या पुडात,
बिटको चौकातल्या गाडीवरचे
खारे फुटाणे, भेंडीच्या वासाचे.
"माल सापडला!" मन्या ओरडायचा.
दादा मान खाली घालून म्हणायचे,
"कबूल आहे, साहेब."

काही दिवस डब्यात काहीच नसायचं.
ते दिवस नेहमी पगाराच्या आधीचे असत
हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.
त्या दिवशीही ते हात वर करून उभे राहत,
आमची खात्री पटेपर्यंत.

नोट हातात आली की आधी उजेडाकडे धरायचे,
दुधवाल्याने परत दिलेली पाचची सुद्धा.
माझं प्रगतिपुस्तकही धरलं एकदा तसंच.
गणितात एकोणतीस.
बराच वेळ बघून म्हणाले, "खरं आहे,"
आणि सही केली.

आता जितूला पैसे मोबाईलवरून जातात.
त्याच्या गाडीवरची डबी मोठ्यांदा आकडा सांगते,
सगळ्या गल्लीला कळतं मी किती भाजी घेतली.
उजेडाकडे धरायला काही उरत नाही.
कधी मेथीचं पानच धरून बघते.
शिरा दिसतात.

गेल्या पौषात, हॉस्पिटलात,
सिस्टर भोये शर्ट बदलायला आल्या.
"आजोबा, हात वर करा बरं."
दादांनी केले. दोन काटक्या, एकीला सुई लावलेली.
चार दिवस कुणाला ओळखत नव्हते,
पण माझ्याकडे वळून म्हणाले,
"डबा बघ. डबा राहिला."
मऊ भाताचा डबा मीच आणला होता,
चार घास तसेच राहिलेले.
ते मी पदराआड खाऊन टाकले
आणि उघडून दाखवला.
"काही सापडलं नाही, साहेब."
सिस्टर भोये आमच्याकडे बघत राहिल्या.
दादा मात्र हसले,
फाटकाबाहेर पडल्यावर हसायचे तसे,
सायकलवर टांग टाकायच्या आधी.

आभार वगैरे आमच्याकडे कुणी म्हणत नाही.
जेवून झालं की आपलं ताट आपण उचलायचं,
तेवढ्यात काय ते आलं.
मन्या चाकणला असतो, फोनवर हवापाण्याचं बोलतो,
ठेवताना मात्र म्हणतो, "चला, साहेब."

भोंगा थांबला. दूध उतू जाता जाता उतरवलं.
रेवतीच्या डब्यात, पोळीच्या खाली,
मूठभर फुटाणे टाकले.
तिला आवडत नाहीत, परत आणेल बहुतेक.
मग ओट्यापाशी, कुणी बघत नाही असं बघून,
मी जरा वेळ हात वर केले.

गाऊनला खिसाच नाही.